२.५ ते ५ पट मॅक्रो लेन्स मिररलेसवर: कोणत्या क्रमाने काम करायचे

नेहमीची मॅक्रो लेन्स १ पटीपर्यंत जाते. तिची सवय झालेले लोक ५ पटीची लेन्स घेतात, पहिल्या संध्याकाळी व्ह्यूफाइंडरमध्ये नुसता राखाडी धूर बघतात आणि लेन्स खराब निघाली असे समजतात. लेन्समध्ये बहुतेक वेळा काहीच बिघाड नसतो. चुकतो तो कामाचा क्रम. साध्या लेन्सवर आपण आधी फोकस करतो आणि बाकीचे मागाहून बघतो. इथे आधी मॅग्निफिकेशन (विषय सेन्सरवर किती पट मोठा उमटवायचा ते) ठरवायचे, मग प्रकाश लावायचा, मग अपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार) ठरवायचे आणि फोकस अगदी शेवटी, तोही रिंग फिरवून नाही तर कॅमेरा पुढेमागे सरकवून करायचा. हा क्रम एकदा हाताला बसला की निम्म्या तक्रारी संपतात.

उदाहरणासाठी लाओवाची २५ मिमी एफ/२.८, २.५ ते ५ पट ही लेन्स घेतली आहे. सोनी, कॅनन, निकॉन अशा अनेक माउंटमध्ये ती मिळते आणि तिचे सगळेच काम हाताने करावे लागते. कॅननची जुनी एमपी-ई ६५ मिमी (१ ते ५ पट) ॲडाप्टर लावून कॅननच्या मिररलेस आर मालिकेच्या बॉडीवर वापरत असाल तर तिचे अपर्चर कॅमेऱ्यातून चालते, एवढा फरक लक्षात ठेवा. बाकी पायऱ्या त्याच.

१. आधी आकडे समजून घ्या

५ पट म्हणजे १ मिमीची वस्तू सेन्सरवर ५ मिमीची उमटते. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो, म्हणून ५ पटीला पूर्ण फ्रेममध्ये फक्त ७.२ × ४.८ मिमी जागा मावते. २.५ पटीला १४.४ × ९.६ मिमी. एपीएस-सी (लहान, म्हणजेच क्रॉप) सेन्सरवर ५ पटीला जेमतेम ४.७ × ३.१ मिमी. तिळाचा एक दाणा त्यात मावतो, अख्खी माशी मावत नाही. क्रॉप सेन्सरवर ५ पटीचे साडेसात पट होत नाहीत. मॅग्निफिकेशन तेवढेच राहते, फक्त कडेचे कापले जाते.

म्हणून घराबाहेर पडण्याआधी विषयाची लांबी मिलिमीटरमध्ये ठरवा. साधारण १० मिमीची उडी मारणारी कोळीण पूर्ण हवी असेल तर फुल फ्रेमवर २.५ पटीवर राहा. तिचे फक्त डोळे हवे असतील तर ४ किंवा ५ पट. लाल मुंगीचे डोके, तुळशीच्या मंजिरीतले एक फूल, मिठाचे स्फटिक ही ५ पटीची कामे आहेत.

विषय आणि लेन्सचे पुढचे टोक यांतले अंतर या लेन्सला सुमारे ४५ मिमीपासून ४० मिमीपर्यंत असते. याचा अर्थ प्रकाश आत शिरायला दोन बोटांहून थोडी जास्त जागा उरते. पुढची सगळी तयारी या जागेच्या हिशेबाने करायची आहे.

तपासा: स्टीलची पट्टी समोर धरून एक फोटो काढा आणि फ्रेमच्या रुंदीत किती मिलिमीटर मावतात ते मोजा. फुल फ्रेमवर २.५ च्या खुणेला साधारण साडेचौदा आणि ५ च्या खुणेला सात मिमी दिसले की मॅग्निफिकेशनच्या रिंगवरच्या आकड्यांवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

२. कॅमेऱ्याचा मेन्यू आधी नीट लावा

या लेन्सला इलेक्ट्रॉनिक संपर्क नाहीत. बॉडीला लेन्स लावली आहे हेच कळत नाही, आणि अनेक बॉडी अशा वेळी शटरच सोडत नाहीत. सोनी आणि कॅननवर ‘रिलीज विदाऊट लेन्स’, फुजीवर ‘शूट विदाऊट लेन्स’ असा पर्याय मेन्यूत असतो. तो चालू करा. दुकानात परत गेलेल्या काही लेन्स केवळ या एका खुणेपायी परत गेल्या असतील, इतकी ही चूक सर्रास होते.

मग एक्स्पोजर मॅन्युअल मोडवर ठेवा आणि फ्लॅश वापरणार असाल तर पडद्यावरचे एक्स्पोजर प्रीव्ह्यू बंद करा. सोनीत ते ‘सेटिंग इफेक्ट ऑफ’, कॅननमध्ये ‘एक्स्पोजर सिम्युलेशन डिसेबल’ या नावाने सापडते. हे केले नाही तर १/२०० सेकंद आणि आयएसओ १०० च्या सेटिंगला व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसतो. फ्लॅश पडल्यावर फोटो उजळ येणार असतो, पण तोपर्यंत विषय सापडतच नाही.

शटरचा प्रकारही आत्ताच ठरवा. फ्लॅश असेल तर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन, कारण पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर बहुतेक बॉडी फ्लॅश पेटवत नाहीत. सततचा एलईडी प्रकाश आणि रेल (स्क्रू फिरवून कॅमेरा थोडाथोडा सरकवणारी पट्टी) असेल तर पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर, म्हणजे शटरच्या पडद्याचा धक्काच बसत नाही. स्वस्त एलईडीखाली इलेक्ट्रॉनिक शटरवर आडवे पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून १/५० सेकंद किंवा त्याहून संथ शटर ठेवले की बहुतेक पट्टे जातात.

रेलवर काम करताना बॉडीतले स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. हातात धरून करताना फोकल लेंग्थ २५ मिमी भरून चालू ठेवायला हरकत नाही, पण त्याच्याकडून फार अपेक्षा नको. या अंतरावर मुख्य त्रास हात पुढेमागे डुलण्याचा असतो, आणि तो सेन्सर हलवून भरून निघत नाही.

इशारा: मिररलेस बॉडीतले ‘फोकस ब्रॅकेटिंग’, म्हणजे फोकस आपोआप सरकवत ओळीने फोटो काढण्याची सोय, या लेन्सवर चालत नाही. ते ऑटोफोकसच्या मोटरवर अवलंबून असते आणि इथे मोटरच नाही. स्टॅकसाठी, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे अनेक फोटो जोडून एक करण्यासाठी, रेल लागेल.

३. सेन्सर पुसा, मग पुढे जा

ही पायरी लोक हटकून गाळतात. पुढे सांगितल्याप्रमाणे खरे अपर्चर एफ/२४ च्या घरात जाते आणि इतक्या बारीक छिद्रातून सेन्सरवरचा प्रत्येक कण काळा डाग बनून उमटतो. एका फोटोतला डाग पुसता येतो. साठ फोटोंच्या स्टॅकमध्ये मात्र सॉफ्टवेअर फ्रेम जुळवताना प्रत्येक फ्रेम किंचित लहानमोठी करते, आणि एकाच डागाची लांब शेपटी तयार होते. ब्लोअर मारा, पांढऱ्या कागदाचा धूसर फोटो एफ/१६ वर काढा, डाग उरले असतील तर ओल्या स्वॉबने सेन्सर पुसा किंवा पुसून घ्या.

४. प्रकाश: अपर्चरच्या आधी

मॅग्निफिकेशन वाढले की सेन्सरवर पोचणारा प्रकाश घटतो. २.५ पटीला तो साधारण बारा भागांतला एक उरतो, ५ पटीला छत्तिसातला एक. म्हणजे पाच स्टॉपहून जास्त तोटा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो). टळटळीत उन्हातही नुसत्या नैसर्गिक प्रकाशावर हातात धरून ५ पटीचा फोटो स्वच्छ येण्याची आशा फार धरू नका.

हातात धरून काम करायचे तर फ्लॅश हवाच. १/१६ किंवा त्याहून कमी पॉवरवर फ्लॅशचा झोत इतका क्षणिक असतो की हाताची थरथर गोठते. शटर १/१६० ते १/२०० ठेवा, बॉडीच्या सिंक मर्यादेत (फ्लॅशबरोबर चालणारा सर्वात वेगवान शटर). आयएसओ १०० ते ४००.

खरे कष्ट घ्यायचे ते डिफ्यूजरवर. कीटकाचे कवच आणि डोळे चकचकीत असतात. त्यांत फ्लॅशचा नंगा दिवा पांढरा ठिपका होऊन बसतो आणि त्या ठिपक्याखालचे पोत कायमचे जाते. प्रकाशाचा उगम विषयाच्या तुलनेत जितका मोठा आणि जितका जवळ, तितकी चमक मऊ. ट्रेसिंग पेपरचा अर्धगोल लेन्सच्या टोकावरून विषयावर पुढे झुकेल असा बसवा, आणि फ्लॅश त्याच्या वर एक वितभर दूर ठेवा. फ्लॅश कागदाला चिकटवला तर कागदाचा तेवढाच भाग उजळतो आणि डिफ्यूजर असून नसल्यासारखा होतो. मधे अंतर हवे, आणि शक्यतो कागदाचे दोन थर.

फोकस करताना दिसावे म्हणून डिफ्यूजरच्या आत एक छोटा एलईडी लावा.

पार्श्वभूमी काळी येते ही दुसरी तक्रार. फ्लॅश विषयापुरताच उजेड देतो, मागे काही नसेल तर काळेच दिसणार. विषयामागे तीन-चार सेंटिमीटरवर एखादे पान किंवा फिक्या रंगाचा कार्डशीटचा तुकडा धरा.

तपासा: चमच्याच्या पाठीचा एक फोटो काढा. चमक मऊ कडांची, पसरलेली दिसली तर डिफ्यूजर बरा आहे. कडक कडांचा चौकोन दिसला तर अजून काम बाकी आहे.

५. अपर्चर: सगळ्यात जास्त फोटो इथे वाया जातात

अपर्चरच्या रिंगवरचा आकडा खरा नसतो. खरे अपर्चर काढायला रिंगवरच्या आकड्याला मॅग्निफिकेशन अधिक एकने गुणा. ५ पटीला एफ/४ म्हणजे ४ × ६ = एफ/२४. एफ/५.६ म्हणजे जवळजवळ एफ/३४. आणि ‘डेप्थ’ (डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली) वाढावी म्हणून एफ/१६ लावला तर तो एफ/९६ होतो.

एफ/९६ ला काय होते ते मोजून बघा. विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे ०.१३ मिमीचा ठिपका होऊन पसरतो. २४ मेगापिक्सेल फुल फ्रेम सेन्सरचा पिक्सेल ०.००६ मिमीचा, म्हणजे एक बिंदू वीसेक पिक्सेल व्यापतो. पुढून मागपर्यंत सगळेच सारखे मऊ. लोक याला फोकसची चूक समजतात आणि पुन्हा पुन्हा तोच फोटो काढत बसतात. शार्पनिंग कितीही चढवले तरी तो तपशील परत येत नाही, कारण तो नोंदलाच गेलेला नाही.

उलट बाजूला ५ पट आणि एफ/२.८ ला डेप्थ ऑफ फील्ड मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून कमी असते. एका फोटोत त्यातून काही हाती लागत नाही.

माझा सल्ला असा. हातात धरून एकेकटा फोटो काढायचा तर २.५ पटीला एफ/५.६ ते एफ/८, आणि ५ पटीला एफ/५.६ च्या पुढे जाऊ नका. रेलवर स्टॅक करायचा तर दोन्हीकडे एफ/४ पासून सुरुवात करा. डेप्थ कमी पडते म्हणून रिंग फिरवण्याऐवजी विषय सेन्सरला समांतर करा. मुंगी बाजूने धरली तर तिचे डोके, छाती, पोट एकाच पातळीत येतात. समोरून धरली तर फक्त मिशीचे टोक स्पष्ट येते.

इशारा: अपर्चर हाताने फिरते आणि फोटोच्या माहितीत ते नोंदलेही जात नाही. विषय शोधायला एफ/२.८ वर उघडले आणि परत एफ/४ ला आणायचे विसरले, हे होतच राहते. शटर दाबण्याआधी रिंगकडे बघायची सवय लावा, आणि वहीत आकडा लिहा.

६. विषय सापडत नाही? डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढा

मॅग्निफिकेशनची रिंग २.५ वर, अपर्चर एफ/२.८ वर. बाजूने बघत लेन्सचे टोक विषयापासून साडेचार सेंटिमीटरवर आणा. अंदाज येत नसेल तर तेवढ्या लांबीची काडी कापून जवळ ठेवा. आता व्ह्यूफाइंडरमध्ये बघा. रंगाचा एखादा धूसर डाग दिसेल. कॅमेरा सावकाश, केसभर, पुढेमागे करा. डागाला कड आली की थांबा, विषय मधोमध घ्या, आणि मगच रिंग ३, ४, ५ अशी पायरीपायरीने वाढवा. प्रत्येक पायरीला फोकस सुटेल, कारण अंतर बदलते. दर वेळी कॅमेरा सरकवून तो परत पकडा. थेट ५ पटीवर विषय शोधायला जाऊ नका.

सरावासाठी मोबाईलचा पेटलेला पडदा फार चांगला. तो स्वतःच उजळ असतो, हलत नाही, आणि फोकस बसला की लाल, हिरवे, निळे ठिपके स्पष्ट वेगळे दिसतात. दोन-तीन संध्याकाळी यावर घालवा, मग बागेत जा.

फोकस पीकिंगच्या रेषा (स्पष्ट कडांवर कॅमेरा दाखवतो त्या रंगीत रेषा) फोकसची पातळी कुठून जाते हे दाखवतात. फोटो खरोखर स्पष्ट आहे का, हे त्या सांगत नाहीत. त्यासाठी पडद्यावरचे चित्र मोठे करूनच बघा.

७. हातात धरून

पहाटे जा. थंडीत दव पडते तेव्हा कीटक गारठून बसलेले असतात आणि वाराही पडलेला असतो. कीटक जागा झाल्यावर त्याच्यामागे ५ पटीची लेन्स घेऊन धावण्यात अर्थ नाही.

डाव्या हाताच्या बोटांत काडी किंवा पानाचा देठ धरा, आणि त्याच हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी लेन्स टेकवा. विषय आणि लेन्स एकाच हाताला बांधले गेले की दोघे एकत्र हलतात. मग शरीर नव्हे, उजवे मनगट किंचित दाबत फोकसची पातळी डोळ्यावरून जाऊ द्या आणि ती पोचण्याच्या क्षणाआधी शटर दाबा. सलग बर्स्ट मारू नका, फ्लॅश भरायला वेळ लागतो आणि मधल्या फ्रेम काळ्या येतात. वीस फोटोंत दोन नीट आले तरी सुरुवातीला ते ठीक आहे.

साताऱ्याजवळच्या काससारख्या सड्यावर (खडकाळ पठारावर) दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचे चिकट केस टिपायचे असतील तर ही एका हातात धरण्याची रीत वापरू नका. तिथले काहीही खुडायचे नाही, आणि एका फोटोसाठी फुलांवर कोपर टेकून आडवेही पडायचे नाही. वाटेवरून कॅमेऱ्यात येईल तेवढेच घ्यावे.

८. रेलवर स्टॅक

स्टॅकसाठी जिवंत कीटकाला फ्रीजमध्ये ठेवून बधिर करण्याचा सल्ला फिरत असतो. तो ऐकू नका. पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटखाली आणि खिडकीच्या चौकटीत मेलेले किडे भरपूर सापडतात. मऊ ब्रशने धूळ झाडा, टाचणीच्या टोकाला डिंकाचा थेंब लावून त्यावर कीटक चिकटवा आणि डिंक रात्रभर वाळू द्या. अर्धवट वाळलेला डिंक आकसतो आणि विषय स्टॅकच्या मधेच सरकतो.

आता क्रमाने:

१) रेलचे माप काढा. मूठ दहा फेरे फिरवा, रेल किती मिलिमीटर सरकली ते पट्टीने मोजा, दहाने भागा. हा आकडा रेलवर चिकटवून ठेवा. त्यावरून मुठीच्या किती अंशाला किती सरकते ते निघते.

२) पाऊल, म्हणजे दोन फोटोंमध्ये रेल किती सरकवायची ते, ठरवा. २.५ पट आणि एफ/५.६ ला ०.१ मिमी, २.५ पट आणि एफ/४ ला ०.०५ मिमी, ५ पट आणि एफ/४ ला ०.०४ मिमी, ५ पट आणि एफ/२.८ ला ०.०२ मिमी. शेवटचे दोन हाताच्या रेलवर नीट होणे कठीण आहे. तिथे मोटरची रेल घ्या किंवा ३ पटीवर समाधान माना.

३) पंखा बंद करा. टेबल भिंतीला टेकले असेल तर ओढून वेगळे करा. मिक्सर, वॉशिंग मशीन चालू असताना स्टॅक करू नका.

४) विषयाचा सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात लांबचा बिंदू शोधा. २ मिमी खोलीला ०.०४ मिमी पावलाने पन्नास फ्रेम लागतात. दोन्ही टोकांना चार-पाच जास्तीच्या धरा.

५) आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स, फ्लॅशची पॉवर, सगळे मॅन्युअल. एकही गोष्ट ऑटोवर नको. रॉ फाइल काढा.

६) रेल जवळच्या बिंदूच्याही अलीकडे आणा आणि तिथून एकाच दिशेने सरकवा. मधे चुकले तर मूठ उलटी फिरवून दुरुस्त करू नका. स्क्रूमध्ये खेळ असतो, उलटे फिरवल्यावर पाऊल खोटे पडते. सरळ पहिल्यापासून सुरू करा.

७) रिमोटने किंवा दोन सेकंदांच्या टायमरने फोटो काढा. दर सरकवण्यानंतर दोन-तीन सेकंद थांबा.

तपासा: पहिल्या पाच फ्रेम काढल्यावर थांबा आणि लागोपाठच्या दोन फ्रेम मोठ्या करून बघा. पहिलीत स्पष्ट असलेल्या पट्ट्याची कड दुसरीतही स्पष्ट दिसली पाहिजे. मधे फट दिसली तर पाऊल मोठे आहे, आत्ताच कमी करा.

९. जोडणी

सगळ्या रॉ फाइल एकाच सेटिंगने १६ बिट टिफमध्ये काढा. शार्पनिंग शून्यावर, कारण शार्पनिंगची कड सॉफ्टवेअरला खरा तपशील वाटते आणि ती प्रत्येक फ्रेममधून जमा होत जाते. सेन्सरचे डाग याच पायरीवर सगळ्या फ्रेममधून एकदम पुसा.

झेरीन स्टॅकर या स्टॅक जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन पद्धती आहेत. पीमॅक्स केस, काटे आणि एकमेकांवरून जाणारे पाय चांगले सोडवते, पण नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवते. डीमॅप रंग आणि गुळगुळीत पृष्ठभाग खरे ठेवते, पण केसांच्या कडेला गोंधळते. दोन्ही काढा, डीमॅप पाया धरा आणि केसांचा भाग पीमॅक्समधून ब्रशने आणा. हेलिकॉन फोकस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डीमॅपचे काम पद्धत बी आणि पीमॅक्सचे काम पद्धत सी करते.

निकालात दोष दिसला तर त्याच्या आकारावरून कारण ओळखा. स्पष्ट आणि धूसर असे आलटून पालटून पट्टे आले तर पाऊल मोठे होते. एकच पाय दोनदा दिसला तर विषय हलला, म्हणजे डिंक ओला होता किंवा पंखा चालू होता. एका दिशेला खेचलेल्या रेघा दिसल्या तर सेन्सरवर धूळ आहे. सगळे सारखेच मऊ असेल तर वही उघडून अपर्चरचा आकडा बघा. यातले काहीही सॉफ्टवेअरमध्ये झाकत बसण्यापेक्षा स्टॅक पुन्हा काढणे लवकर होते, म्हणून निकाल तपासेपर्यंत टाचणी जागेवरून काढू नका.